घात आधी, आकडे नंतर : प्रचंड आणि सूक्ष्म संख्या वैज्ञानिक मांडणीत लिहिताना

लेप्टोस्पायरोसिसचा जंतू किती जाड असतो, हा प्रश्न मी पावसाळ्यात नववी-दहावीच्या मुलांना हमखास घालतो. लावणीला चिखलात उतरणाऱ्या आमच्याकडच्या घराघरांत ‘लेप्टो’ हे नाव माहीत आहे. जंतूची जाडी साधारण ०.१ मायक्रोमीटर, म्हणजे १०^−७ मीटर. दर वर्षी दोन-चार वह्यांत उत्तर येतं १०^७ मीटर. पृथ्वीचा व्यास १.२७ × १०^७ मीटर आहे. एक आडवी रेघ गळली आणि जंतू जवळजवळ पृथ्वीएवढा झाला, तरी लिहिणाऱ्याला काहीच खटकलं नाही. चूक सगळ्यांची होते. ती खटकत नाही, याची मला काळजी वाटते.

याचं कारण असं, की मुलं (आणि मोठी माणसंही) घाताकडे संख्येच्या मागे लावलेल्या शेपटासारखं बघतात. सगळी मेहनत पुढच्या आकड्यांवर. ३.८च्या जागी ३.९ लिहिलं तर चूक तीन टक्क्यांच्या आत राहते. घात एकाने चुकला तर उत्तर दहापट चुकतं, तीनने चुकला तर हजारपट. म्हणून खालचे सगळे टप्पे एकाच क्रमावर उभे आहेत: आधी घात ठरवायचा, मग आकडे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. वहीत घात १०च्या डोक्यावर लहान आकड्यात लिहितात. इथे ^ या खुणेनंतर येणारा आकडा घात समजावा. १०^५ म्हणजे दहाचा पाचवा घात, म्हणजे एक लाख.

## पूर्वतयारी: वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी

ही तयारी टाळून थेट गणिताला हात घालणारे पुढे चौथ्या टप्प्यावर अडकतात, असा माझा अनुभव आहे. अर्धा तास लागेल, पण तो द्या.

पहिली गोष्ट, संख्यांची नावं. हजार १०^३, लाख १०^५, दशलक्ष म्हणजेच मिलियन १०^६, कोटी १०^७, अब्ज म्हणजेच बिलियन १०^९, लाख कोटी म्हणजेच ट्रिलियन १०^१२. शेवटचं नाव अर्थसंकल्पाच्या बातमीत रोज येतं. लाखाचा पाच आणि कोटीचा सात, बेरीज बारा. ही बेरीज डोक्यात बसली की पाचव्या टप्प्याचा अर्धा भाग आलाच.

> सावधान: खर्व, निखर्व ही नावं गणितात वापरू नका. जुन्या संस्कृत यादीत खर्व १०^१० आहे, तर हिंदीतला खरब १०^११. दोघांत दहापटीचा फरक आहे. अब्जाच्या वर गेलात की सरळ घात लिहा.

दुसरी गोष्ट, एककांचे उपसर्ग. किलो १०^३, मेगा १०^६, गिगा १०^९. खाली उतरताना मिली १०^−३, मायक्रो १०^−६, नॅनो १०^−९. मायक्रोमीटरलाच आपण मायक्रॉन म्हणतो. बाजारातल्या पिशवीवर १२० मायक्रॉन छापलेलं असतं, ते १.२ × १०^−४ मीटर. कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट, ती १.९६ × १०^९ वॅट.

तिसरी गोष्ट, खुणेचे दगड. समुद्रात माणूस काठावरची एखादी टेकडी किंवा दीपगृह धरून दिशा ठेवतो. तशा काही लांब्या पाठ हव्यात, सगळ्या मीटरमध्ये:

- डेंग्यूचा विषाणू: ५ × १०^−८
- लेप्टोच्या जंतूची जाडी: १ × १०^−७
- तांबडी रक्तपेशी: ७.५ × १०^−६
- केसाची जाडी: साधारण ७ × १०^−५
- तांदळाचा दाणा: ६ × १०^−३
- माणूस: १.७ × १०^०
- कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा: ६.५ × १०^३
- रोह्यापासून ठोकूरपर्यंतची कोकण रेल्वे: ७.४ × १०^५
- पृथ्वीचा व्यास: १.२७ × १०^७
- चंद्राचं अंतर: ३.८४ × १०^८
- सूर्याचं अंतर: १.५० × १०^११

माणसाच्या ओळीतला १०^० बघून गोंधळू नका. दहाने एकदाही गुणलं नाही आणि एकदाही भागलं नाही, म्हणून संख्या आहे तशीच राहिली. १०^० म्हणजे १. कुठलंही उत्तर आलं की ते या यादीत कोणाच्या शेजारी बसतं ते बघायचं. जंतूची जाडी पृथ्वीच्या व्यासाशेजारी बसली तर लगेच मागे फिरायचं.

## टप्पा १: संख्या नीट वाचून घ्या

लिहायला लागण्याआधी तीन गोष्टींवर बोट ठेवा: संख्येत शब्द आहे का, स्वल्पविराम कसे दिले आहेत, एकक काय आहे.

‘कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी’ हे वाक्य घ्या. पावसाळ्यात रोज कानावर पडतं. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. हजारचा ३ आणि दशलक्षचा ६, म्हणून १०^९ घनफूट. म्हणजे पुढचा १०५.२५ हा आकडा एकटा नाही, त्याच्या पोटात १०^९ दडलेला आहे. तो उघड करून लिहा: १०५.२५ × १०^९ घनफूट. एवढं करून मगच पुढे जा.

स्वल्पविरामांचं म्हणाल तर आपले स्वल्पविराम पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांनी पडतात, परदेशी बातम्यांत तीन-तीन अंकांनी. ३,००,००,००० आणि ३०,०००,००० या दोन्ही तीन कोटीच. स्वल्पविराम मोजून घात काढणारे इथे फसतात. सगळे स्वल्पविराम पुसून संख्या सलग लिहा.

## टप्पा २: दशांशचिन्ह सरकवा आणि उड्या मोजा

वैज्ञानिक मांडणीचा साचा असा: क × १०^न. यातला ‘क’ १ किंवा त्याहून मोठा आणि १०पेक्षा लहान. ‘न’ पूर्णांक, धन, ऋण किंवा शून्य. दशांशचिन्हाच्या डावीकडे शून्य नसलेला एकच अंक उरला पाहिजे.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. सलग लिहा: ३८४४००. दशांशचिन्ह अखेरीस आहे असं समजा आणि ते डावीकडे आणा, ३ च्या पुढे पोचेपर्यंत. पाच उड्या पडल्या. म्हणून ३.८४४ × १०^५ किलोमीटर.

इथली सर्वांत जास्त होणारी चूक: शून्यं मोजणं. ३८४४०० मध्ये अखेरीस दोन शून्यं आहेत म्हणून काही जण ३.८४४ × १०^२ लिहितात. ते झाले ३८४ किलोमीटर, म्हणजे चंद्र मुंबईहून निघून गोव्याच्याही अलीकडे सापडेल. शून्यं मोजू नका, उड्या मोजा. १ च्या पुढे नुसतीच शून्यं असतील तेव्हा शून्यं आणि उड्या सारख्या येतात, आणि तिथूनच ही वाईट सवय लागते.

लहान संख्येत हीच चूक उलट्या अंगाने होते. डेंग्यूचा विषाणू ०.०००००००५ मीटर. दशांशचिन्हानंतर सात शून्यं आहेत, पण ५ च्या पुढे जायला उड्या आठ. म्हणून ५ × १०^−८. चिन्ह उजवीकडे सरकलं म्हणून घात ऋण.

> तपासणी: उत्तर पुन्हा उलगडून लिहा. ५ घ्या, चिन्ह डावीकडे आठ घरं न्या, मूळ संख्या मिळते का? कितीही सराव झाला तरी पहिले दोन-तीन महिने हे सोडू नका.

कधी कधी मधल्या गणितात ५० × १०^−९ किंवा ०.५ × १०^−७ असं काही येतं. किंमत तीच आहे, फक्त साचा पाळलेला नाही. साच्यात आणताना तराजू डोळ्यांसमोर ठेवा: एक पारडं खाली गेलं की दुसरं वर. पुढचा आकडा दहापट लहान केला की घात एकाने वाढतो, आकडा दहापट मोठा केला की घात एकाने घटतो. टप्पा १ मधला १०५.२५ × १०^९ असाच साच्यात येतो. १०५.२५ चा १.०५२५ झाला, शंभरपट लहान, म्हणून ९ चा ११. उत्तर १.०५२५ × १०^११ घनफूट. दोन्ही पारडी एकदम वर नेली, म्हणजे आकडाही लहान आणि घातही लहान केला, की उत्तर दहा हजारपट चुकतं. हे मी डझनावारी वह्यांत पाहिलं आहे.

## टप्पा ३: ऋण घात म्हणजे ऋण संख्या नव्हे

१०^−७ ही शून्याच्या खालची संख्या नाही. ती एक भागिले एक कोटी आहे. लहान आहे, पण धन आहे. वर्गात हे एकदा सांगून भागत नाही.

दुसरा घोळ तुलनेचा. १०^−५ मोठा की १०^−७? सात पाचापेक्षा मोठा, म्हणून १०^−७ मोठा, असं पटकन तोंडून जातं. इथे मला माती परीक्षणाचा कागद फार उपयोगी पडतो. त्यावर ‘सामू’ नावाचा रकाना असतो. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण एका लिटरला १०^−७ मोल (मोल हे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक) असेल तर सामू ७. १०^−५ असेल तर सामू ५. सामू हा त्या घाताचाच आकडा, ऋणचिन्ह काढून लिहिलेला. आमची जांभ्याची माती आम्ल. समजा एका आगराचा सामू ५ आला आणि दुसऱ्याचा ७. आकडा लहान, पण आयन जास्त, आणि तेही थोडेथोडके नाहीत: १०^−५ भागिले १०^−७ म्हणजे १०^२, शंभरपट. कागदावर दोनचाच फरक दिसतो म्हणून ‘जवळपास सारखीच माती’ म्हणणारा शंभरपटीला डोळेझाक करतो. ज्या मुलाच्या घरी कलमं आहेत त्याला हे एकदा समजलं की ऋण घातांची तुलना तो पुन्हा चुकत नाही.

## टप्पा ४: एकक बदला, आणि वर्ग-घन विसरू नका

सगळ्यात महागड्या चुका इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

लांबीचं एकक बदलणं सोपं आहे. १ किलोमीटर = १०^३ मीटर. ३.८४४ × १०^५ किलोमीटर = ३.८४४ × १०^८ मीटर. घातात ३ मिळवले, झालं.

क्षेत्रफळाला हे चालत नाही. एक चौरस किलोमीटर म्हणजे हजार मीटर लांब आणि हजार मीटर रुंद. १०^३ × १०^३ = १०^६ चौरस मीटर. घनफळाला १०^९. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. ते ८.२०८ × १०^३ × १०^६ = ८.२०८ × १०^९ चौरस मीटर. किलो म्हणजे हजार एवढंच लक्षात ठेवून १०^३ ने गुणणारा ८.२०८ × १०^६ लिहितो आणि जिल्हा हजारपट आक्रसतो.

आता घनफूट. १ फूट = ०.३०४८ मीटर. याचा घन करा, फक्त ०.३०४८ ने गुणून सोडू नका. ०.३०४८ × ०.३०४८ × ०.३०४८ = ०.०२८३, म्हणजे २.८३ × १०^−२ घनमीटर. मग कोयनेचं पाणी:

१.०५२५ × १०^११ × २.८३ × १०^−२

घात आधी: ११ − २ = ९. आकडे नंतर: १.०५२५ × २.८३ = २.९८. उत्तर २.९८ × १०^९ घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, म्हणून २.९८ × १०^१२ लिटर. जवळजवळ तीन लाख कोटी लिटर.

> तपासणी: मोठ्या एककातून लहान एककात आलात तर संख्या वाढली पाहिजे. घनमीटरातून लिटरमध्ये येताना ९ चा १२ झाला, बरोबर. घटला असता तर गुणाकाराच्या जागी भागाकार झाला असं समजा.

## टप्पा ५: गुणाकार आणि भागाकार

नियम सगळ्यांना पाठ असतो: गुणताना घातांची बेरीज, भागताना वजाबाकी. चूक होते ती ऋण घाताची वजाबाकी करताना. ३ − (−५) म्हणजे ८. घाईत −२ लिहिला जातो. कंस घालूनच लिहा.

हातात आलेल्या दोन संख्या घेऊन एक खरा प्रश्न सोडवू. रत्नागिरी जिल्ह्यावर एका पावसाळ्यात पडणारं पाणी जास्त, की कोयना धरणात मावणारं? अंदाजासाठी पाऊस ३,००० मिलिमीटर धरू. उत्तर वाचण्याआधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहून ठेवा.

पाऊस मिलिमीटरमध्ये, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, म्हणून आधी एकक एक करा: ३,००० मिलिमीटर = ३ × १०^३ × १०^−३ = ३ × १०^० मीटर. तीन मीटर. दोन पुरुष उंचीपेक्षा थोडं कमी, एवढं पाणी दर वर्षी आपल्या अंगणावर उभं राहतं आणि खाडीला जातं.

पाणी = ८.२०८ × १०^९ × ३ × १०^०. घात ९. आकडे २४.६. साच्यात आणून २.४६ × १०^१० घनमीटर.

भागिले कोयना: २.४६ × १०^१० ÷ (२.९८ × १०^९). घात १० − ९ = १. आकडे ०.८२५. म्हणजे ०.८२५ × १०^१, सुमारे ८. एका जिल्ह्यावरच्या एका पावसाळ्यात आठ कोयना भरतील एवढं पाणी. चौथ्या टप्प्यावर जिल्हा हजारपट आक्रसून घेतलेल्यांचं उत्तर येईल ०.००८, धरणाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्या पावसाच्या जिल्ह्याला हे उत्तर शोभत नाही, आणि इथेच खटकलं पाहिजे.

आता लहानाकडे. मिठाच्या एका कणात सोडियम आणि क्लोरिनच्या किती जोड्या असतील? कण ०.३ मिलिमीटर बाजूचा घन धरू. ०.३ मिलिमीटर = ३ × १०^−२ सेंटिमीटर. त्याचा घन करताना दोन्ही भागांचा घन करायचा: ३ चा घन २७, आणि १०^−२ चा घन १०^−६, कारण घाताचा घात घेताना घात गुणले जातात. २७ × १०^−६ = २.७ × १०^−५ घनसेंटिमीटर. इथे दोन चुका ठरलेल्या असतात. कोणी ३ तसाच ठेवतो, तर कोणी −२ मध्ये ३ मिळवून १०^१ करतो. दुसऱ्या चुकीत मिठाचा कण निदान दहा घनसेंटिमीटरचा होतो, लिंबाच्या फोडीएवढा.

मिठाची घनता एका घनसेंटिमीटरला २.१७ ग्रॅम, म्हणून वस्तुमान ५.९ × १०^−५ ग्रॅम. मिठाचा एक मोल ५८.४ ग्रॅमचा, म्हणजे ५.८४ × १०^१. भागाकार: घात −५ − १ = −६, आकडे जवळजवळ १. म्हणजे १ × १०^−६ मोल. एका मोलमध्ये ६.०२ × १०^२३ जोड्या. गुणाकार: २३ − ६ = १७. उत्तर ६ × १०^१७.

आपल्या जुन्या संख्यानामांच्या त्या यादीतलं शेवटचं नाव परार्ध, आणि परार्ध म्हणजे १०^१७. बोटाला चिकटलेल्या मिठाच्या एका कणात सहा परार्ध जोड्या आहेत. पेण-उरणच्या मिठागरातली एखादी रास डोळ्यांसमोर आणली, की संख्यांची नावं सोडून घातांकडे का वळावं लागतं ते कळतं. हे उदाहरण मी दर वर्षी घेतो आणि दर वर्षी मला ते तितकंच आवडतं.

## टप्पा ६: बेरीज-वजाबाकी

इथे घातांची बेरीज करायची नाही. आधी दोन्ही संख्यांचे घात सारखे करा, मग पुढचे आकडे मिळवा.

शंभर चौरस मीटर छपराच्या घराच्या पागोळ्यांतून तीन मीटर पावसात ३ × १०^५ लिटर पाणी पडतं. शेजारी दोन हजार लिटरची भरलेली टाकी आहे, २ × १०^३ लिटर. एकूण? टाकीचं पाणी ०.०२ × १०^५ असं लिहा. बेरीज ३.०२ × १०^५ लिटर. ५ × १०^८ लिहिणाऱ्याने बेरीज आणि गुणाकार एकात कालवले.

घातांत सहा-सातचा फरक असेल तर लहान संख्या बेरजेत दिसतही नाही. सूर्याच्या वस्तुमानात पृथ्वीचं मिळवलं तरी १.९९ × १०^३० किलोग्रॅमच राहतं.

## टप्पा ७: कॅल्क्युलेटर, मोबाइल आणि एक्सेल

यंत्र वैज्ञानिक मांडणी आपल्या भाषेत दाखवतं. मोबाइलवर ६.०२ई२३ असं काहीतरी येतं. तिथलं ‘ई’ हे इंग्रजी अक्षर म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’. जुन्या कॅल्क्युलेटरवर तेही नसतं, १.५ च्या उजवीकडे वर बारीक ११ दिसतो. तो १.५ चा अकरावा घात नव्हे. तो ८६.५ होतो, आणि वाचायचं आहे १.५ × १०^११. वहीत उतरवताना ‘× १०’ स्वतः लिहा.

संख्या भरताना ‘ईएक्सपी’ किंवा ‘×१०’ आणि वर छोटी चौकट असलेली कळ वापरा. त्या कळीत दहा आधीच आहे. ६.०२, मग गुणिले, मग १०, मग ती कळ, मग २३ असं दाबलं की ६.०२ × १०^२४ होतं, दहापट जास्त. घात ऋण असेल तर वजाबाकीची नव्हे, ऋणचिन्हाची कळ दाबा.

> सावधान: भागाकारात खालची संख्या कंसात घाला. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला किती वेळ? १.५ × १०^११ ÷ (३ × १०^८) = ५ × १०^२ सेकंद, आठ मिनिटं वीस सेकंद. कंस न घालता ३ ने भागून मग १०^८ ने गुणलं तर ५ × १०^१८ सेकंद येतात. विश्वाचं आजचं वय सुमारे ४.४ × १०^१७ सेकंद आहे. प्रकाश अजून वाटेतच असता.

एक्सेलचा त्रास गणिताबाहेरचा, पण तो रोज कोणालातरी होतो. आधार क्रमांक बारा अंकी. साध्या रकान्यात भरला की एक्सेल त्याला मोजायची संख्या समजतं आणि ई+११ असं दाखवतं. आकडे आत शाबूत असतात, पण तीच यादी तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) करून पाठवली की दिसत होते तेवढेच अंक उरतात, बाकीचे कायमचे गेले. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक तर भरतानाच शून्य होतो, कारण एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच नेमकं धरतं. एका ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत दोनशे नावांची यादी अशी वाया गेली आणि माणसांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. क्रमांक भरण्याआधी रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. खाते क्रमांक, आधार, मोबाइल या संख्या नाहीतच, ती अंकांत लिहिलेली नावं आहेत. त्यांना वैज्ञानिक मांडणी लावायची नसते.

## टप्पा ८: अंक किती ठेवायचे

कॅल्क्युलेटर दहा अंक देतो म्हणून दहा उतरवू नका. पावसाचा आकडा ‘अंदाजे ३ मीटर’ होता, मग उत्तर ‘सुमारे ८ कोयना’ एवढंच खरं, ८.२५५ लिहिणं म्हणजे जे मोजलंच नाही त्याची ग्वाही देणं. गणितातल्या सर्वांत कच्च्या मापात जेवढे सार्थ, म्हणजे भरवशाचे, अंक, तेवढेच उत्तरात. मधल्या पायऱ्यांत मात्र एखादा अंक जास्त ठेवा.

## टप्पा ९: सगळं एकत्र, उधाणाचं गणित

आता एक लांबचं उदाहरण, सगळे टप्पे वापरून. समुद्राकाठी वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची, भरती असते. भरती चंद्रामुळे येते असं आपण म्हणतो. मग सूर्याचा वाटा किती?

लागणाऱ्या संख्या: सूर्याचं वस्तुमान १.९९ × १०^३० किलोग्रॅम, अंतर १.५० × १०^११ मीटर. चंद्राचं वस्तुमान ७.३५ × १०^२२ किलोग्रॅम, अंतर ३.८४ × १०^८ मीटर. एककं दोन्हीकडे सारखी आहेत का? आहेत.

पहिली पायरी, नुसती ओढ. ती वस्तुमान भागिले अंतराचा वर्ग या प्रमाणात असते.

सूर्य: अंतराचा वर्ग २.२५ × १०^२२. घात ३० − २२ = ८, आकडे ०.८८४. म्हणजे ८.८४ × १०^७.
चंद्र: वर्ग १४.७ × १०^१६ = १.४७ × १०^१७. घात २२ − १७ = ५, आकडे ५.०. म्हणजे ५.० × १०^५.

भागाकार १.७७ × १०^२. सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे १७७ पट. बरीच मुलं इथे पेन खाली ठेवतात आणि ‘भरती सूर्यामुळे येते’ असं लिहून मोकळी होतात. गणित बरोबर आहे, पण प्रश्न दुसऱ्याच गोष्टीचा सोडवला.

दुसरी पायरी, ओढीतला फरक. पाणी फुगतं ते पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूंना बसणाऱ्या ओढीत फरक पडतो म्हणून. हा फरक वस्तुमान भागिले अंतराचा घन या प्रमाणात असतो. अंतर वाढलं की फरक फार झपाट्याने मरतो.

घात आधी बघा. सूर्य: अंतराच्या घनाचा घात ११ × ३ = ३३, म्हणून ३० − ३३ = −३. चंद्र: ८ × ३ = २४, म्हणून २२ − २४ = −२, पण खालचा ३.८४ चा घन पन्नासच्या पुढे जातो, तेव्हा आकडे एक घर खाली ओढणार. दोघेही १०^−३ च्या आसपास. एकही गुणाकार न करता कळलं की इथे १७७ पटीचं काही राहिलेलं नाही, दोघं तोडीस तोड आहेत.

आकडे नंतर.
सूर्य: १.५० चा घन ३.३७५. १.९९ ÷ ३.३७५ = ०.५९०. म्हणजे ५.९० × १०^−४.
चंद्र: ३.८४ चा घन ५६.६, म्हणून खाली ५.६६ × १०^२५. ७.३५ ÷ ५.६६ = १.३०, घात २२ − २५ = −३. म्हणजे १.३० × १०^−३.

भागाकार: ५.९० × १०^−४ ÷ (१.३० × १०^−३). घात −४ − (−३) = −१. आकडे ४.५. उत्तर ४.५ × १०^−१, म्हणजे ०.४५.

> तपासणी: −४ − (−३) चे −७ झाले असतील तर उत्तर एका कोटीत चार-पाच भाग एवढंच येईल, आणि मग अमावास्या आणि अष्टमीच्या भरतीत डोळ्यांना फरकच दिसायला नको. जेटीच्या पायऱ्या मोजून बघा, तो दिसतो.

चंद्राचा वाटा १ धरला तर सूर्याचा ०.४५. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचं बळ एका रेषेत येतं: १ + ०.४५ = १.४५. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात आणि सूर्य चंद्राच्या भरतीतून काढून घेतो: १ − ०.४५ = ०.५५. दोघांचं गुणोत्तर २.६. किनाऱ्याचा आणि खाडीचा आकार यात आपापली भर घालतो, त्यामुळे प्रत्येक बंदरावर नेमकं एवढंच मिळणार नाही. येत्या अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत आणि मग पुढच्या अष्टमीला भरती-ओहोटीच्या तक्त्यातली भरती आणि ओहोटी यांची वजाबाकी करा, आणि आपल्या बंदराचं गुणोत्तर वहीत या २.६ च्या शेजारी लिहा.